त्र्याण्णवावी चीज

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, आणि पटलीच तर सांगण्यात काहीतरी कसर राहिली असं समजा. सुरतेच्या या डिंडोलीत आजवर ती ज्यांना ज्यांना ऐकवली त्यांतल्या एकानेही तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही. एका जावयाने तर अर्ध्यातच चपला घातल्या आणि सासुरवाडीहून जो गेला, तो दिवाळसणालाही आला नाही. तरी ऐका. तुम्ही काही कुणाचे जावई म्हणून बसलेला नाहीत.

सुकलाल वारुळे नावाचा एक माणूस आहे. मूळचा पारोळ्याकडचा. चाळीस वर्षं सुरतेत माग चालवून आता घरी बसलेला, कानाने जवळपास ठार बहिरा, पायात बारा महिने रबरी स्लीपर. या माणसाला पेटीचा भाता कुठल्या बाजूने उघडतो ते ठाऊक नाही. आणि पंडित भूपेंद्र रेशमवाला यांच्या म्हणून कलकत्त्यापासून कोल्हापूरपर्यंत ज्या ब्याण्णव बंदिशी गायल्या जातात, त्या ब्याण्णवच्या ब्याण्णव याच सुकलालने रचलेल्या आहेत. बंदिशीला गवयी लोक चीज म्हणतात. आपणही तेच म्हणू. तर ब्याण्णव चिजा देऊन टाकल्या याचं सुकलालला काडीचं दुःख नव्हतं. त्र्याण्णवावी तेवढी त्याला स्वतःच्या घरात ठेवायची होती. मागणं एवढंच.

भानगडीला सुरुवात झाली ती लाइट गेल्यामुळे.

सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यातला आवाज असा, की शेजारच्याने कानाला तोंड लावून शिवी दिली तर ती दुसऱ्या दिवशी ऐकू येते. त्यामुळे तिथला माणूस महिनाभरात ओठ वाचायला शिकतो. वीस हातांवरच्या मागावर कोण कुणाबद्दल काय बोलतंय ते त्याला सिनेमाच्या पाटीसारखं दिसतं. आणि वर्षभरात तो गायला लागतो. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर लाज कसली? उधन्याच्या त्या खात्यात चोवीस माग आणि चोवीस गवयी होते. कुणी आरती म्हणायचं, कुणी सिनेमातलं, कुणी बायकोला घालायच्या शिव्या चालीवर म्हणायचं. सुकलाल मात्र स्वतःचंच काहीतरी म्हणायचा. चाल मागाची, आणि शब्द शेजारच्या मागावरच्या मथुरेकडच्या माणसाच्या ओठांवरून उचललेले.

एके दिवशी भर दुपारी लाइट गेली. चोवीस माग एका दमात गप्प झाले, तेवीस गवयी लाजून गप्प झाले. सुकलाल तुटलेली तार, म्हणजे ताण्याचा धागा, सांधत होता. तार सांधताना माणसाचं बाकी कशात लक्ष नसतं. तो गात राहिला. असा गायला की छपराच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची ती खाली येऊन बसली, आणि मालकाचा धाकटा मुलगा भूपेंद्र केबिनमधून हजेरीचं पुस्तक हातात घेऊनच बाहेर आला.

हा भूपेंद्र तेव्हा तिशीचा. गळा असा की दुधात केशर सोडावं. बारा वर्षं मोठ्या गुरूकडे तालीम झालेली. रागाच्या वाटा त्याला तळहातासारख्या ठाऊक होत्या. देवाने फक्त एक गोष्ट द्यायची ठेवली होती: त्याला स्वतःचं म्हणून काही सुचत नसे. चार ओळी जुळवायला बसला की जुन्याच कुणाच्या तरी चार ओळी येऊन दारात उभ्या राहायच्या. त्याने सुकलालला विचारलं, ही चीज कुणाची? सुकलालला वाटलं, आता नोकरी गेली. तो म्हणाला, "कोणाचीच नाही शेठ. आपलं मीच करतो काहीतरी."

यातलं पहिलं वाक्य भूपेंद्रने जन्मभर लक्षात ठेवलं.

तिथून पुढे पस्तीस वर्षं हे चाललं. वर्षातून दोन-तीनदा सुकलालला केबिनमध्ये बोलावणं यायचं. तो गायचा, भूपेंद्र लिहून घ्यायचा, राग ठरवायचा, कोपरे घासायचा, आणि खरं सांगायचं तर त्या ओबडधोबड दगडाचा देव करायचा. हे मान्य केलं पाहिजे. चीज सुकलालची, पण तिला रस्ता ओलांडायला शिकवलं ते भूपेंद्रने.

आता एक रीत सांगून ठेवायला हवी. चीज रचणारा अंतऱ्यात स्वतःचं टोपणनाव घालतो. 'कहत अमुक', 'तमुक की बिनती' असं काहीतरी. त्याला मुद्रा म्हणतात. भूपेंद्रची मुद्रा 'भूपरंग'. सुकलाल प्रत्येक चिजेत ती इमानाने घालायचा. तुम्ही म्हणाल, जीभ कशी अडखळली नाही? तर कापडाच्या ताग्याची किनार कधी नीट बघा. तिच्यावर मालकाच्या पेढीचं नाव असतं. ज्याने कापड विणलं त्याचं नाव किनारीवर आलेलं कुणी ऐकलंय? सुकलालने इतकं कापड विणलं होतं की त्याने पृथ्वीला सव्वादोनदा पदर घेता आला असता, आणि त्या सगळ्याच्या कडेला दुसऱ्याचंच नाव होतं. चिजेच्या कडेलाही तेच आलं. त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

नाव झालं, मोठं झालं. पंडितजींच्या चिजांची खासियत अशी की मुखडा भलत्याच ठिकाणाहून उठतो. सोळा मात्रांचा ताल, आणि हा बाबा साडेबाराव्या मात्रेवरून उठणार. तबलजी लग्न ठरल्यासारखे घाबरायचे. एका विद्वानाने त्या अर्ध्या मात्रेवर चारशे पानं लिहिली आणि सिद्ध केलं की यात तापीच्या भरती-ओहोटीचं तत्त्व आहे. तत्त्व कसलं, सात नंबरच्या मागाचा धोटा फेकणारा चामडी पट्टा ढिला झाला होता. तो माग अर्ध्या श्वासाने लंगडायचा. सुकलाल त्याच मागावर होता. माग दुरुस्त करणाऱ्या मास्तरने एकदा पट्टा बदलला तेव्हा पंडितजींची प्रतिभा वर्षभर आटली होती, आणि अखेर त्यांनी स्वतः येऊन जुना पट्टा परत लावून घेतला. मास्तरला वाटलं, मालकाला वेड लागलं.

मग हर्षदा आली. सुकलालची नात. हर्षदा म्हणजे हीच, मघापासून त्या पायरीवर मेथी निवडत बसलीय आणि मान वर करत नाही, ती. अकरा वर्षांची असताना सुकलालने तिला पंडितजींच्या गोपीपुऱ्यातल्या घरी नेऊन बसवलं. आयुष्यात त्याने भूपेंद्रभाईंकडे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि त्यांनी ती मन लावून दिली. आठ वर्षं शिकवलं. स्वतःच्या भाच्याला, त्या ललितला, दिलं नाही ते हिला दिलं. मंचावर मागे तानपुऱ्याला बसवायला लागले. पुढच्या वर्षी हिचं स्वतःचं पहिलं गाणं करायचं असंही त्यांनीच ठरवलं.

ते ऐकून सुकलाल नवी चीज करायला बसला. आजवर त्याने चिजा केल्या त्या मागासाठी केल्या, वेळ जावा म्हणून. ही पहिल्यांदा कुणासाठी तरी केली.

हौले चलत मोरी लाडली, देहरी ऊँची।

हळू चाल ग लाडके, उंबरा उंच आहे, एवढंच. पण अशी बसली होती की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जायचा. अंतऱ्याशी येऊन मात्र सुकलाल अडला. 'कहत' म्हणाला, आणि पुढे काय? भूपरंग घालायचं नव्हतं. स्वतःचं 'सुकलाल' घालून पाहिलं. कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं वाटलं. शेवटी त्याने चार मात्रांची ती जागा तशीच रिकामी सोडली. 'कहत', मग चार मात्रा नुसता तबला, मग 'राह तकूँ मैं'. हर्षदाला त्याने सांगितलं, तू स्वतःच्या नावाने गायला बसशील तेव्हा तुला हवं ते नाव इथे घाल. तोवर ही कुणापुढे म्हणायची नाही. भूपेंद्रभाईंपुढे तर नाहीच.

ही पोरगी शब्दाची पक्की. तिने कुणापुढेही म्हटली नाही. घोटाळा सुकलालनेच केला, आणि तो असा की दुसऱ्या कुणाच्या हातून झालाच नसता.

चाळीस वर्षं ज्याने गर्जून गायलं आणि शेजारच्यालाही ते ऐकू गेलं नाही, त्याची अशी खात्री झालेली असते की गाणं ही खासगी बाब आहे. पोटात दुखतं ते जसं बाहेर ऐकू जात नाही तसं. त्यात कान गेलेले. सुकलाल रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन हर्षदाला ती चीज द्यायचा, आणि त्याला वाटायचं आपण कुजबुजतोय. प्रत्यक्षात चोवीस मागांशी झुंजून तयार झालेला तो आवाज डिंडोलीच्या रेल्वे फाटकापर्यंत पोचायचा. भाजीवाली त्या तालावर मेथी मोजू लागली. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना बॅट्समन चालत निघाला की 'हौले चलत मोरी लाडली' म्हणायची. मशिदीजवळचा एक म्हातारा तेवढ्यासाठी संध्याकाळचा चहा बाहेर बसून घ्यायला लागला. हर्षदा पहिल्या दिवसापासून खुणा करून थकली, की हळू. सुकलाल मान डोलवायचा आणि त्याच्या समजुतीने आणखी हळू गायचा.

त्याची बायको पुष्पाबाई घरात अहिराणीच बोलते, आणि लेखी सांगावं तसं एकेक अक्षर ओठांनी कोरून बोलते, कारण चाळीस वर्षं नवऱ्याशी बोलायची तीच रीत. ती एकदा समोर उभी राहून म्हणाली, "तुम्हले वाटस तुम्ही गुणगुणी ऱ्हायनात. आख्खी गल्लीले पाठ व्हई गयी."

सुकलाल हसला. त्याला वाटलं, बायको कौतुक करतेय.

इकडे पंडितजींची सत्तरी आली. शिष्यांनी मोठा सोहळा ठरवला, पत्रिका छापल्या, आणि पत्रिकेवर ठळक अक्षरांत आलं की या दिवशी पंडितजी आपली नवी चीज सादर करतील. चीज नव्हती. पाच वर्षांपूर्वी खात्यातले जुने माग भंगारात गेले, त्यांच्या जागी पाण्याच्या फवाऱ्याने चालणारे नवे माग आले. ते खटखट करत नाहीत, सर्दी झाल्यासारखे फुसफुसतात. तेव्हापासून पंडितजींना काही 'सुचलं' नव्हतं. त्यांनी सुकलालला बोलावून घेतलं, समोर बसवलं, ओठ नीट दिसतील असं बसवलं, आणि सांगितलं की ही शेवटची. यानंतर मागणार नाही.

सुकलालला नाही म्हणता आलं नाही. पण जी होती ती द्यायचीही नव्हती. आता त्याच्याजवळ वाट एकच उरली: चौऱ्याण्णवावी करायची. ती झाली तर त्र्याण्णवावी वाचणार होती.

मग त्याने जे काही केलं ते बघून लोकांना वाटलं, म्हातारा गेला कामातून. पर्वत पाटियाच्या चौकात दुभाजकावर तीन दिवस बसला, ट्रकांच्या धक्क्यातून काही उमटतंय का बघायला. ट्रॅफिक पोलिसाने दोनदा उठवलं. तिसऱ्या दिवशी त्यानेच चहा पाजला. घरच्या वॉशिंग मशीनला मिठी मारून बसला. मशीनने तिसऱ्या फेऱ्यात बरी लय धरली होती, पण कपडे पिळायच्या वेळी ती बेताल झाली. शेवटी त्याला कुणीतरी सांगितलं की कामरेजच्या पुढे किसन नावाच्या त्याच्या जुन्या सोबत्याकडे दोन जुने माग अजून चालू आहेत.

किसनने तोंड भरून स्वागत केलं, मुलाला सांगून मागासमोर खाट टाकून दिली. सुकलालला आवाज येत नव्हता. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, मग गाल ठेवला, मग सगळं अंगच भिंतीला लावून उभा राहिला. आणि आलं. भिंतीतून हातात, हातातून छातीत, बरोबर लंगडत, अर्ध्या श्वासाने. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ हलायला लागले, शब्द जुळायला लागले, एक ओळ झाली, दुसरी झाली. किसन टाळ्या वाजवत होता. सुकलाल तासभर भिंतीला चिकटून होता. चीज पुरी झाली तेव्हा त्याने ती पहिल्यापासून म्हटली, आणि अंतऱ्यापर्यंत आल्यावर त्याला कळलं की ही 'हौले चलत'च आहे. शब्द बदललेले, चाल तीच, उंबरा तोच, आणि 'कहत'च्या पुढे तीच चार मात्रांची रिकामी जागा.

तीन वेळा तो कामरेजला गेला. तिन्ही वेळा तीच परत आली, दारातून हाकललेली मांजर खिडकीतून येते तशी. त्याच्याकडे एकच शिल्लक होती, आणि तीच पुन्हा पुन्हा निघत होती.

याच आठवड्यात ललित, पंडितजींचा भाचा, सोहळ्याची पत्रिका घेऊन डिंडोलीला आला. संध्याकाळची वेळ. सुकलाल आणि हर्षदा गच्चीवर. सुकलालने कठड्यावरून खाली बघितलं तर ललित गल्लीच्या मधोमध उभा, फोन हातात धरून हात आभाळाकडे ताणलेला. सुकलालला वाटलं, पोराला रेंज मिळत नाहीये. डिंडोलीत कुणाला मिळते? त्याने वरून हात हलवला, खुणेनेच सांगितलं की तिकडे सरक, त्या खांबाजवळ चांगली मिळते. ललित खांबाजवळ सरकला. तिथे खरंच जास्त चांगलं मिळालं. सुकलालने पुढे होऊन अंतराही म्हटला.

हर्षदा कठड्यापासून लांब बसली होती. तिला खालचं काही दिसलं नाही. जिन्यावरून वर येऊन ललित सुकलालच्या पाया पडला, पत्रिका दिली आणि पाणीही न पिता गेला.

दोन दिवसांनी सुकलाल मनाचा धडा करून गोपीपुऱ्याला गेला. सांगायचंच होतं की माझ्याच्याने होत नाही, माफ करा. पण त्याने तोंड उघडायच्या आत पंडितजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चिंता न करो, सुकलालभाई. थई गयुं." झालं काम. त्यांनी त्याच्यासाठी गरम लोचो मागवला, वर शेव स्वतःच्या हाताने भुरभुरली. सुकलालला वाटलं, अखेर देवाने भूपेंद्रभाईंना काहीतरी सुचवलं. त्याला इतका आनंद झाला की त्याने दोन बशा खाल्ल्या. मधेच ललितशी बोलताना पंडितजींनी तोंडासमोर हात धरला होता, ते त्याला दिसलं. पण शेवेचा कण दातात अडकला असेल असं त्याने मनाशी ठरवलं.

घरी येऊन त्याने पुष्पाबाईला सगळं सांगितलं. ती चुलीवरचा तवा उतरवत म्हणाली, "तो गोड बोलस, तवय माले भ्याव वाटस."

आणि सोहळ्याचा दिवस आला. संध्याकाळी सहाला सभागृह भरलं. सुकलालला तिसऱ्या रांगेत मधली खुर्ची, शेजारी पुष्पाबाई, नवं लुगडं नेसून. मंचावर पंडितजी जरीच्या शालीत. त्यांच्या मागे तानपुऱ्याला हर्षदा. हिला काही माहीत नव्हतं. नवी चीज पंडितजींनी मंचावर येईपर्यंत कुणालाच ऐकवली नव्हती. पहिला राग झाला, सत्कार झाले, भाषणं झाली. सुकलालला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो ओठ बघत होता. वक्ते सगळे सारखंच बोलत होते, म्हणून तो मधेमधे छताकडे बघायचा.

मग पंडितजींनी शाल सावरली, तबलजीकडे बघून मान हलवली, आणि तोंड उघडलं.

'हौ'ला ओठ गोल होतात. 'ले'ला पसरतात. 'मोरी'च्या 'म'ला मिटतात. सुकलालने आधी विश्वासच ठेवला नाही. ओठ वाचताना चूक होते, 'मोरी' आणि 'बोरी' सारखंच दिसतं. पण खुर्चीच्या हातातून तबल्याचा ठेका त्याच्या तळव्यात येत होता, आणि ओठ उघडले ते बरोबर साडेबाराव्या मात्रेला. शेजारी पुष्पाबाईने त्याचं मनगट धरलं. तिला तर ऐकूच येत होतं.

सुकलालने हर्षदाकडे बघितलं. तिचा तानपुऱ्यावरचा हात चालू होता, तो थांबवता येत नाही. चेहरा मात्र गिरणीतून काढलेल्या कोऱ्या कापडासारखा झाला होता.

सुकलालच्या मनात एकच उरलं. चीज गेली तर गेली. ती जागा राहू दे. रिकामी राहू दे. तिथे काही नको, भूपेंद्रभाई, तेवढं नको. ब्याण्णव ठिकाणी तुमचं नाव मी माझ्या हाताने घातलं, इथे नको. तो हे मनात म्हणत होता आणि पंडितजी अंतऱ्यावर चढत होते. वर गेले, षड्जावर टेकले, सगळं सभागृह खुर्चीच्या टोकावर आलं. 'कहत' आलं.

पंडितजींचे ओठ मिटले.

सुकलालला वाटलं, गप्प बसले. देवा, गप्प बसले. पण 'भ' म्हणायलासुद्धा ओठ आधी मिटावेच लागतात. मिटलेले ओठ पुढे आले, गोल झाले, पुन्हा एकदा मिटले, आणि मग ऐटीत उघडले. चारही मात्रा भरल्या. भूपरंग.

सभागृह वाहवा म्हणत होतं, ते त्याला हलणाऱ्या शेकडो तोंडांवरून कळलं. आणि त्या सगळ्या तोंडांच्या पलीकडे, पंडितजींच्या खांद्यामागे, हर्षदाचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ. लहानपणी आजोबांशी बोलायला शिकली तसे. आबा, उठा.

तर मंडळी, सुकलाल उठला.

उठला म्हणजे कसा? तिसरी रांग आधी गप्प झाली, मग दुसरी, मग पहिली. तबलजीचा हात हवेत राहिला. सुकलाल रबरी स्लीपर फटफटवत मंचासमोर आला आणि त्याने चीज उचलली, पहिल्यापासून, खात्यातल्या आवाजात. ध्वनिक्षेपक जळून गेला, गरज कुणाला होती? 'कहत' म्हणाला आणि थांबला. चार मात्रा सभागृहात श्वासही नाही. अशी शांतता की बाहेर रस्त्यावर उभ्या गाड्यांची इंजिनं आपोआप बंद पडली. मग 'राह तकूँ मैं'. पंडितजी उठले, डोळ्यांतून धारा, जरीची शाल काढून सुकलालच्या खांद्यावर घातली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही याची, आणि आधीच्या ब्याण्णवही याच्याच. मग लोकांनी सुकलालला खांद्यावर घेतलं, पार पर्वत पाटियापर्यंत मिरवत नेलं, दोन तास रस्ता बंद, आणि तो तीन दिवसांचा ट्रॅफिक पोलीस पुढे शिट्टी वाजवत...

"खोटं," हर्षदा म्हणाली.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली होती.

"खोटं सांगताय, काका. आबा उठले नाहीत. मी समोर होते. मी तीनदा म्हटलं उठा, आणि तिन्ही वेळा त्यांनी वाचलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांच्या आधी. आणि ऐकू येत नाही ना त्यांना, सगळे थांबले तरी वाजवतच राहिले."